पाइनवुड डर्बीसाठी नवा ट्रॅक घ्यायचाय: लेन किती, टायमर कुठला?

एडिसनचा_बाबा

मंडळी, अमेरिकेतल्या कब स्काउटवाल्या (स्काउटमधली प्राथमिक शाळेतली पोरं) आईबाबांपैकी इथे कुणी पाइनवुड डर्बी स्वतः चालवलीय का? म्हणजे पोराची गाडी घासून देण्यापुरती नाही, ट्रॅक मांडण्यापासून निकाल लावेपर्यंत सगळं. पॅकच्या, म्हणजे आमच्या कब स्काउट शाखेच्या मीटिंगला मी जरा उशिरा पोचलो तर तोवर डर्बीची जबाबदारी माझ्या गळ्यात घालून झालेली होती, कारण काय तर मी इंजिनिअर. अहो मी डेटाबेसवाला माणूस, सुतारकामाशी माझा संबंध एवढाच की आमच्या घराला लाकडी दारं आहेत.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पोरांना पाइनच्या लाकडाचा एक ठोकळा, चार प्लास्टिकची चाकं आणि खिळ्यांसारखे चार अ‍ॅक्सल असं किट मिळतं. त्यातून गाडी करायची, वजन जास्तीत जास्त ५ औंस म्हणजे १४२ ग्रॅमच्या आत, लांबी ७ इंचांपर्यंत, मोटर वगैरे काही नाही, उतारावरून सोडून द्यायची. जी आधी खाली पोचली ती जिंकली.

आमचा ट्रॅक प्लायवुडचा, ३ लेनचा, कुणी कधी केला ते आता कुणालाच आठवत नाही, एका जुन्या कबमास्टरच्या (पॅकच्या प्रमुखाच्या) गराजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. न्यू जर्सीचा दमट उन्हाळा खाऊन खाऊन तुकडे पिळवटलेत. उतार संपून सपाट भाग सुरू होतो तिथल्या सांध्यावर गाड्या टुणकन उडतात, तीन नंबरच्या लेनवरची तर कधी कधी शेजारच्या लेनमध्ये जाऊन पडते. निकाल काय, दोन बाबालोक फिनिश लाइनपाशी गुडघ्यावर बसून डोळ्यांनी लावतात. गेल्या वर्षी त्यावरून पार्किंग लॉटमध्ये दोन बापांची चांगलीच जुंपली, पोरं आपली शांतपणे डोनट खात होती.

तर कमिटीने शेवटी पॉपकॉर्न विक्रीचे साठलेले पैसे काढायचं ठरवलंय, सगळं मिळून अडीच हजार डॉलरच्या आत बसवा म्हणतात. ५५ च्या आसपास गाड्या असतात. मला पडलेले प्रश्न: लाकडी घ्यावा की अल्युमिनियमचा? ४ लेन की ६? माझा आपला हिशेब असा की ६ लेन घेतल्या तर रेस लवकर उरकेल. टायमर ३ दशांशांचा पुरतो की ४ वाला घ्यावा? आणि हॉल चर्चचा आहे, एका बाजूला मोठ्या मोठ्या खिडक्या, त्याने काही फरक पडतो का? सॉफ्टवेअरचं मी बघेन पण तेही सुचवा.

---

डॅलसची_मावशी

अरे वा, चांगला प्रश्न. आमच्या पॅकचं हे काम माझ्याकडे बरीच वर्षं आहे, दोन्ही पोरं एरो ऑफ लाइट (कब स्काउटमधला सगळ्यात वरचा टप्पा) होऊन पुढे गेली तरी मला काही सोडत नाहीत.

आधी तुझा लेनचा हिशेब. ६ लेन घेतल्या तर लवकर उरकेल असं सगळ्यांनाच वाटतं आणि ते चूक आहे. हल्ली रेस बाद फेरीची घेत नाहीत, प्रत्येक गाडी प्रत्येक लेनवर एकेकदा पळवतात आणि मग वेळेची सरासरी काढतात, म्हणजे एखादी लेन हळू असली तरी ती सगळ्यांच्याच वाट्याला येते. आता तूच गुणाकार कर. ५५ गाड्या, ४ लेन, म्हणजे २२० वेळा गाड्या धावणार आणि एका हीटमध्ये, म्हणजे एका वेळच्या धावेत, ४ धावतात, म्हणजे ५५ हीट. ६ लेन घे, ३३० भागिले ६, परत ५५. लेन कितीही असू देत, जितक्या गाड्या तितक्या हीट. उलट सहा गाड्या लावायला चारपेक्षा वेळ जास्त लागतो, त्यामुळे थोडा उशीरच होईल, लवकर नाही. फायदा एवढाच की प्रत्येक पोराची गाडी ४ च्या ऐवजी ६ वेळा धावते. ते काही वाईट नाही, पोरांना तेच हवं असतं, पण त्यासाठी पैसे मोजायचे का ते तू ठरव. ६ लेनच्या ट्रॅकवर प्रत्येक गाडी तीनदाच पळवली तर हीट निम्म्या होतात खऱ्या, पण मग कुणाच्या वाट्याला चांगल्या लेन येतात नि कुणाच्या वाट्याला भिकार, आणि पार्किंग लॉट आहेच.

५५ गाड्यांना ४ लेन अगदी बरोबर. हीटला एक ते दीड मिनिट धर, सव्वा तासाच्या आसपास उरकतं, मध्ये मध्ये डेन (पॅकमधले वयाप्रमाणे छोटे गट) बदलताना थोडा वेळ जातो तो वेगळा.

लाकडी की अल्युमिनियम, तर तुमच्याकडे हौशी सुतार असेल, तो पुढची पाच-सहा वर्षं पॅकमध्ये राहणार असेल आणि ठेवायला कोरडी, गरम-थंड न होणारी जागा असेल तर लाकडी खुशाल करा, छान होतो. यातलं एक जरी नसेल तर अल्युमिनियम. बेस्टट्रॅक कंपनीचा घेतलास तर सात-सात फुटांचे तुकडे येतात, मिनीव्हॅनच्या मागच्या सीट पाडल्या की आत जातात आणि दोन माणसं अर्ध्या-पाऊण तासात जोडतात. लाकडी ट्रॅकचं असं असतं की पहिल्या वर्षी सुंदर, दुसऱ्या वर्षी एका सांध्याला उंबरठा, मग पुट्टी भर, पॉलिशपेपर मार, वॉर्निश लाव, हे दरवर्षी जानेवारीच्या थंडीत कुणीतरी गराजमध्ये बसून करायचं. ते कुणीतरी म्हणजे आता तू.

अडीच हजारात नवा अल्युमिनियम ट्रॅक आणि चांगला टायमर दोन्ही बसवताना ओढाताण होईल, शिपिंग वेगळं असतं ते विसरू नकोस. पण जुना मिळतो का बघ. पॅक बंद पडले किंवा दोन पॅक एकत्र झाले की ट्रॅक विकायला निघतात. तुमच्या भागातल्या स्काउट डिस्ट्रिक्टच्या माणसाला एक ईमेल टाकून ठेव.

---

खटपट्या_पुणे

मी पुण्याचा, माझा स्काउटशी संबंध नाही पण सेन्सर हे माझं रोजचं काम आहे आणि भाचा सिॲटलला असल्याने ही डर्बी व्हिडिओ कॉलवर बघितलीय म्हणून दशांशांचं सांगतो.

सुरुवातीची उंची साधारण चार फूट धरली तर खाली येईपर्यंत गाडीचा वेग सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास होतो (घर्षण आणि चाकं फिरवण्यात थोडी ऊर्जा जाते ते धरून). म्हणजे एक मिलिसेकंदात गाडी साडेचार मिलिमीटर पुढे जाते. ३ दशांशांच्या टायमरला साडेचार मिलिमीटरच्या आतला फरक दिसत नाही, तो टाय दाखवणार. ४ दशांशांचा अर्धा मिलिमीटर ओळखतो. आता प्रश्न असा की तुमच्या स्टार्ट गेटच्या चारही खुंट्या (सुटण्याआधी गाड्या ज्यांना टेकून उभ्या असतात त्या) अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबाने एकाच क्षणी खाली जातात का? लाकडी फळीला बिजागरी लावून केलेल्या गेटमध्ये नक्कीच नाही. मग त्या चौथ्या दशांशाला काय अर्थ राहतो? ४ वाला घ्या, हल्ली बहुतेक टायमर तसेच येतात, पण त्या आकड्याकडे बघून टायमर निवडू नका, ट्रॅक आणि गेट वाईट असेल तर टायमर तुमचा वाईटपणाच फक्त जास्त अचूक मोजून दाखवतो.

काम कसं चालतं तर गेटला एक मायक्रोस्विच असतो, गेट पडलं की घड्याळ सुरू. फिनिशला ट्रॅकच्या वर एक पूल असतो, त्यात प्रत्येक लेनवर एक इन्फ्रारेड एलईडी खाली तोंड करून, आणि बरोबर त्याच्या खाली लेनच्या मधल्या पट्टीत (गाडीची चाकं जिच्या दोन्ही बाजूंनी धावतात ती उंच पट्टी) एक छिद्र, त्यात फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे उजेड ओळखणारा सेन्सर. गाडीचं नाक आलं की उजेड अडतो, त्या लेनचं घड्याळ थांबतं. फोटोट्रान्झिस्टरला कळायला लागणारा वेळ मायक्रोसेकंदांत असतो, त्यामुळे तिथे काही गडबड नाही.

गडबड होते ती खिडक्यांनी. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं, तिरपं ऊन त्या छिद्रावर पडलं तर गाडी येऊन गेली तरी सेन्सरला अंधार झालाच नाही असं वाटतं आणि ती लेन रिकामी दिसते. हॅलोजनच्या दिव्यांनी पण हेच होतं. तेव्हा फिनिश लाइन खिडक्यांपासून लांबच्या टोकाला ठेवा, आणि सकाळी ९ ला ऊन कुठे पडतं ते बघून उपयोग नाही, रेस ज्या वेळी आहे त्या वेळी जाऊन बघा. काहीच जमलं नाही तर पुलाच्या बाजूंना काळा पुठ्ठा चिकटवा.

आणि हौस असेल तर आर्डुइनोवर (हौशी लोकांचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) हा टायमर घरी करता येतो. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आमच्या पुण्यात तपकीर गल्लीत चिल्लर पैशात मिळतील, तयार कोड पण नेटवर फुकट आहे. फक्त पहिल्याच वर्षी ५५ पोरं नि ११० पालक समोर असताना ब्रेडबोर्डवरची (सोल्डर न करता नुसती खोचलेली) वायर सुटायला नको, म्हणून विकतचाच घ्या असं माझं मत.

---

अप्पा_सातारकर

वाचून गंमत वाटली. आम्ही लहानपणी गॅरेजमधनं जुनी बेअरिंगं मागून आणायचो, फळीला ठोकायची, यवतेश्वरच्या उतारावर बसायचं नि सुटायचं. टायमर नाही नि काही नाही, ज्याचे गुडघे कमी फुटले तो जिंकला. आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या खेळाला अडीच हजार डॉलर म्हणजे दोन लाखांच्या वर झाले की राव! मोबाइलमध्ये स्लो मोशन असतंय, फिनिश लाइनला एक मोबाइल लावा, कोण पुढे ते दिसेल. भांडण मिटलं, पैशे वाचले.

---

खटपट्या_पुणे

अप्पा, मोबाइलची आयडिया अगदीच टाकाऊ नाही हां. २४० फ्रेमचं स्लो मोशन धरलं तर दर फ्रेमला चार मिलिसेकंदांपेक्षा थोडं जास्त, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये गाडी जवळजवळ दोन सेंटिमीटर सरकते. तेवढ्या फरकाने जिंकलेली गाडी मोबाइलवर सहज कळेल. पण त्याने फक्त त्या हीटमध्ये पुढे कोण ते कळतं, वेळ कळत नाही. पहिल्या हीटमधली गाडी आणि चाळिसाव्या हीटमधली गाडी समोरासमोर धावलेल्याच नाहीत, त्यांची तुलना करायला वेळच लागते. शिवाय प्रत्येक हीटनंतर व्हिडिओ मागे-पुढे करत बसलात तर ५५ हीटला संध्याकाळ होईल.

---

डॅलसची_मावशी

अप्पा, तुमच्या बेअरिंगच्या गाड्याला इथे सोपबॉक्स डर्बी म्हणतात, आणि गंमत म्हणजे ही पाइनवुड डर्बी निघालीच त्यातून. कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी म्हणून एक कबमास्टर होते, त्यांचा मुलगा सोपबॉक्सच्या रेसमध्ये उतरायला वयाने लहान पडायचा, म्हणून त्यांनी १९५३ मध्ये हातात मावणाऱ्या गाड्यांची ही रेस काढली. त्या पहिल्या रेसचा ट्रॅक ३१ फुटी होता आणि फिनिश लाइनला बॅटरीवर चालणाऱ्या डोअरबेल लावलेल्या होत्या! म्हणजे डोळ्यांनी निकाल लावला की भांडणं होतात हे त्या माणसाला पहिल्याच दिवशी माहीत होतं.

पैशाचं म्हणाल तर तो ट्रॅक नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं सहज जातो, आणि आसपासच्या पॅकांना भाड्याने दिला तर थोडे परत पण येतात. एकट्याने घ्यायच्या ऐवजी दोन-तीन पॅक मिळून घेतात ते सगळ्यात शहाणपणाचं. डर्बी जानेवारी ते मार्चच्या मध्ये कधीतरी असते, तारखा वेगळ्या ठेवल्या की झालं. फक्त ट्रॅक कुणाच्या गराजमध्ये राहणार आणि तुटला तर कोण भरणार हे आधी कागदावर लिहून घ्या.

---

एडिसनचा_बाबा

मावशी, लेनचा हिशेब वाचून मी खरंच एक्सेलमध्ये करून बघितला, बरोबर आहे! कमिटीतल्या एकाला दाखवला तर तो म्हणे मग ३ लेनच पुरे की. त्याला काय सांगू?

बाजूच्या टाउनमधल्या पॅकला विचारलं, ते अर्धे पैसे घालायला तयार दिसतायत. आणि एक जुना ट्रॅक पण विकायला आलाय, अल्युमिनियम, ४ लेन, पण त्याच्याबरोबर टायमर नाही. बघायला जाणार आहे तर काय काय तपासायचं? हा प्रश्न जरा सविस्तर सांगा, माझ्यासारख्याला सरळ आणि वाकडं यातला फरक कळत नाही.

---

डॅलसची_मावशी

३ लेनवाल्याला सांग, हीट तितक्याच होतील हे खरं, पण पोराची गाडी तीनदाच धावेल. सहा आठवडे खपून केलेली गाडी नि तीन-तीन सेकंदांच्या तीन रेस, नऊ सेकंदांत खेळ खल्लास. त्यापेक्षा चार बरी. आणि सरासरी जितक्या जास्त धावांची तितकी विश्वासाची.

जुना ट्रॅक बघायला जाशील तेव्हा एक जुनी डर्बीची गाडी आणि एक लांब स्पिरिट लेव्हल बरोबर ने. ट्रॅक पूर्ण जोडून दाखवायला सांग. तुकडे वेगवेगळे भिंतीला टेकवून दाखवले तर घेऊ नकोस, तुकडे नेहमीच सरळ दिसतात, दुखणं असतं ते सांध्यात. डोळा ट्रॅकच्या पातळीला आणून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघ. मग नख प्रत्येक सांध्यावरून फिरव, उतरत्या दिशेने. पुढचा तुकडा मागच्यापेक्षा किंचित खाली असेल तर गाडी उतरून जाते, फार बिघडत नाही, पण पुढचा वर असेल तर चाक आपटतं, आणि हे दर लेनला वेगळं असू शकतं. मधल्या पट्ट्या पण सांध्यावर एका रेषेत हव्यात. गाडीच्या चाकांमध्ये पावणेदोन इंच जागा असते आणि पट्टी त्याहून थोडीशीच अरुंद असते, म्हणजे पट्टी जरा जरी सरकलेली असली तरी चाकाची आतली कड तिथे घासणार किंवा अडकणार. बहुतेक वेळा हे जोडपट्टीचे बोल्ट सैल करून परत कसले की नीट होतं, एखादा तुकडाच वाकलेला असेल तर मात्र नीट होत नाही.

मग लेव्हल आडवी ठेवून बघ. ट्रॅक एका बाजूला कलला असेल तर सगळ्या गाड्या त्या बाजूला घसरत पट्टीला घासत येतात. तो दोष स्टँडचा किंवा फरशीचा, ट्रॅकचा नाही, पाचर घालून सुटतो, त्यासाठी सौदा मोडू नकोस.

आता स्टार्ट गेट. याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालव. चारही खुंट्या एकाच दांडीवर असाव्यात आणि दांडी जाड असावी, पातळ असेल तर मधे लवते आणि मधल्या लेन आधी नाहीतर नंतर सुटतात. स्प्रिंग कडक पाहिजे, खुंटी गाडीच्या पुढून फटकन खाली गेली पाहिजे. हाताने हळू सोडायचं गेट असेल तर सोडणाऱ्याच्या मनगटावर रेस अवलंबून राहते. गाडी लाव, गेट पाड, गाडीला धक्का किंवा ओढ बसते का बघ. टायमर नंतर घ्यायचा आहे तर गेटला मायक्रोस्विच बसवायला जागा आहे ना तेही बघून घे.

शेवटी थांबण्याची जागा. फिनिशनंतर पुरेशी लांबी पाहिजे. चांगल्या ट्रॅकवर शेवटच्या भागात मधली पट्टी उंच होत जाते किंवा तिच्यावर फोम असतो, गाडी पोटावर येते, चाकं अधांतरी होतात आणि गाडी हळूच थांबते. नुसती उशी ठेवली असेल तर वेगात येणारी गाडी आपटते, अ‍ॅक्सल वाकतो, आणि पोराची पुढची हीट गेली. पहिल्या हीटला वाकलेला अ‍ॅक्सल उरलेल्या तीनही हीटमध्ये हळू धावतो, त्याला सरासरी काही करू शकत नाही.

हे सगळं झालं की तीच एक गाडी प्रत्येक लेनवर पाच-सहा वेळा सोड. मोबाइलवर का होईना, पण बघ कुठली लेन ठळकपणे मागे पडते का. थोडा फरक सगळ्याच ट्रॅकला असतो.

---

क्युपर्टिनोचा_सन्या

वाचत होतो नुसता, सॉफ्टवेअरचं कुणी बोललं नाही म्हणून लॉगिन केलं.

दोन मुख्य पर्याय. एक ग्रँडप्री रेस मॅनेजर, विकतचं, विंडोजवर चालतं, खूप पॅक वापरतात, मदत चांगली मिळते. दुसरं डर्बीनेट, फुकट आणि ओपन सोर्स, ब्राउझरमध्ये चालतं. तू डेटाबेसवाला आहेस म्हणतोस तर डर्बीनेट तुला आवडेल, एका लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर) सर्व्हर चालू केला की चेक-इनच्या टेबलावर एक टॅबलेट, ट्रॅकपाशी एक, भिंतीवरच्या प्रोजेक्टरवर निकाल, सगळं त्याच वायफायवर. गाडीचा आणि पोराचा फोटो काढून ठेवला तर हीटच्या आधी स्क्रीनवर दिसतो, ते बघून पोरं जे ओरडतात ते ऐकण्यासारखं असतं. मोबाइल लावून रिप्ले पण दाखवता येतो, म्हणजे अप्पांचं स्लो मोशन आलंच त्यात. चर्चच्या वायफायवर विसंबू नकोस, स्वतःचा जुना राउटर ने, इंटरनेट नसलं तरी चालतं.

टायमर घेताना एवढंच बघ की तो तुझ्या सॉफ्टवेअरच्या यादीत आहे. मायक्रो विझर्डचा फास्ट ट्रॅक, बेस्टट्रॅकवाला चॅम्प, न्यू डायरेक्शन्सचा जज, हे सगळे दोन्हीकडे चालतात. मी म्हणेन चॅम्प किंवा फास्ट ट्रॅक यातला जो तुझ्या ट्रॅकवर सरळ बसतो तो घे. ट्रॅक बेस्टट्रॅकचा असेल तर प्रश्नच नाही, चॅम्प त्याच्यासाठीच केलेला आहे, छिद्रं जुळवायची कटकट नाही.

जुना टायमर कुणी स्वस्तात दिला तर त्याला गोल नऊ पिनांची सिरियल केबल असेल, लॅपटॉपला यूएसबी अ‍ॅडाप्टर लागेल. तिथे चार डॉलर वाचवायला जाऊ नकोस. नकली चिपचे अ‍ॅडाप्टर विंडोज अपडेट झालं की अचानक बंद पडतात, एफटीडीआय कंपनीच्या चिपचा घे. आणि आदल्या आठवड्यात चाललं म्हणून रेसच्या दिवशी चालेल असं नसतं, अपडेट बंद करून ठेव.

कागद पेन ठेवच. टायमर प्रत्येक हीटनंतर स्वतःच्या छोट्या डिस्प्लेवर पण वेळ दाखवतो, कुणीतरी तो लिहून घेत राहिलं की लॅपटॉप झोपला तरी रेस थांबत नाही.

---

खटपट्या_पुणे

गोल नऊ पिना नव्हे हो, ती डी आकाराची असते. बाकी सगळं सहमत.

एक राहिलं. गाड्यांच्या नाकाचं. सेन्सर मधल्या पट्टीत आहे, म्हणजे गाडीच्या मध्यभागी जे सगळ्यात पुढे आहे ते मोजलं जातं. एखाद्याने पुढे मधोमध खाच ठेवली तर गेटला खुंटी त्या खाचेत जाते, बाकी गाडी इतरांच्या पुढे उभी राहते. सेन्सरला मात्र खाचेचा तळच लागतो म्हणून त्यात वेळेचा फायदा फारसा होत नाही, पण दिसायला ती पुढे दिसते आणि परत भांडण. उलट नाक खूप उंच उचललेलं असेल तर खुंटी खाली जाताना ती गाडी बाकीच्यांच्या आधी सुटू शकते. नियमातच लिहून टाका की नाक मध्यभागी सपाट, ट्रॅकपासून अमुक इतक्या उंचीच्या आत.

---

क्युपर्टिनोचा_सन्या

हो हो, डी. रात्री एकला टाइप करत होतो.

---

अप्पा_सातारकर

खाच पाडून पुढे उभं राहायचं! अमेरिकेत पण हीच डोकी का. बरं मला सांगा, ही पोरं स्वतः करतात गाड्या का बाप करतात?

---

डॅलसची_मावशी

अप्पा, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. बाप करतात! म्हणून आमच्याकडे आम्ही मोठ्यांची वेगळी रेस ठेवलीय, पोरांचं बक्षीस वाटप झालं की आईबाबा, दादा-ताई, आजोबा सगळ्यांच्या गाड्या, वजनाला मर्यादा नाही. बापांची खाज तिथे जिरते. पोरांच्या गाड्या त्यानंतर जरा वाकड्यातिकड्या दिसायला लागल्या, ते मला आवडलं.

---

एडिसनचा_बाबा

मंडळी, जाऊन आलो. स्पिरिट लेव्हल घेऊन गेलो तर विकणारे काका आधी हसले, मग म्हणाले तू पहिलाच ज्याने पूर्ण जोडून मागितला. बेस्टट्रॅकचाच निघाला, ४ लेन, ४२ फुटी. सांधे चांगले आहेत, एका ठिकाणी नखाला किंचित लागत होतं, बोल्ट सैल करून कसल्यावर गेलं. गेटची स्प्रिंग जुनी झालीय, ती बदलायला लागेल. शेजारच्या पॅकने अर्धे घातले, त्यामुळे आमच्या वाट्याचे पैसे उरतायत आणि त्यात नवीन चॅम्प टायमर बसतोय. सॉफ्टवेअर डर्बीनेट, ते तर मी घरी चालू करून पण बघितलं, बायको म्हणते ऑफिसच्या कामापेक्षा जास्त लक्ष घालतोयस. फिनिश लाइन खिडक्यांच्या विरुद्ध टोकाला, आणि मोठ्यांची रेस हा विषय मीटिंगला काढला तर ते जुंपलेले दोघंही बाबा सगळ्यात आधी हो म्हणाले.

आता एकच विचारायचंय. गाड्यांना ग्रॅफाइट पावडर लावतात, त्याचा सेन्सरला त्रास होतो का? आणि ४२ फूट ट्रॅक, ५५ पोरं, त्यांना लांब कसं ठेवायचं?

---

डॅलसची_मावशी

होतो त्रास. ग्रॅफाइट चाकांतून झडत राहतं आणि पट्टीतल्या छिद्रात जाऊन बसतं, सेन्सर हळूहळू आंधळा होतो. दर दहा-पंधरा हीटनंतर दाबून हवा मारायचा रबरी फुगा किंवा मऊ ब्रश मारायचा, फुंकर नको, थुंकी उडते. रेस झाल्यावर पूर्ण ट्रॅक कोरड्या सुती फडक्याने पुसून मगच पॅक कर. चेक-इन झालं की ग्रॅफाइट बंद, गाड्या टेबलावर जमा, परत हातात द्यायच्या नाहीत.

पोरांसाठी ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना चार फुटांवर दोरी किंवा रंगीत टेप, आणि फिनिश लाइनला जास्त जागा ठेव कारण सगळ्यांना तिथेच बसायचं असतं. गाड्या ट्रॅकवर लावायला आणि खालून वर न्यायला मोठी दोन-तीन पोरं घे, वेबेलॉसची (कब स्काउटमधल्या वरच्या वयोगटाची), त्यांना फार भारी वाटतं. आणि ग्रॅफाइट लावायचं टेबल हॉलच्या बाहेर मांड रे बाबा, चर्चची फरशी काळी झाली तर पुसायला तूच असशील.